कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेऊन युनिव्हर्सिटीचं जीई खरंच भागतं का?

मृणाल_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

लेकीला यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) डेव्हिसला बायॉलॉजीत फ्रेशमन (थेट पहिल्या वर्षाला) म्हणून अ‍ॅडमिशन मिळालीय, पुढे मेडिकलचा विचार आहे पण ते अजून तिचं तिलाच पक्कं नाहीये. हायस्कूलमध्ये असताना तिने इथल्या ओलोनी या कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) दोन कोर्स केले, एक इंग्लिश कॉम्पोझिशनचा आणि एक सायकॉलॉजी, इंग्लिशला बी आणि सायकॉलॉजीला ए. शिवाय एपी बायो (एपी म्हणजे हायस्कूलमधले कॉलेज लेव्हलचे कोर्स), एपी कॅल्क्युलस बीसी आणि एपी यूएस हिस्टरी आहे. आता सप्टेंबरात कॉलेज सुरू व्हायच्या आधी समरमध्ये अजून दोन कोर्स घेऊन जीई (जनरल एज्युकेशन, म्हणजे मुख्य विषय, मेजर, कुठलाही असो, सगळ्यांना करावे लागणारे कोर्स) जेवढं संपवता येईल तेवढं संपवून टाकावं असं आमच्या घरात ठरतंय, कारण डेव्हिसच्या फीपुढे ओलोनीची फी म्हणजे काहीच नाही.

तिच्या मैत्रिणीचा भाऊ डी अँझा कम्युनिटी कॉलेजला आहे, दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेणारे. त्याने एक यादी दिली, कॅल-गेटसी म्हणतात ती, आणि म्हणाला पब्लिक स्पीकिंग आणि एथनिक स्टडीज हे दोन घेऊन टाक, ते सगळ्यांना लागतातच. माझी नणंद टेक्सासात असते, ती म्हणते आमच्याकडे मुलं हायस्कूलमध्येच अख्खा कोअर (तिकडचं जीई) संपवून येतात, तुम्ही कसला विचार करत बसलात. मिस्टरांच्या ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले की त्यांच्या मुलाचे तीन कोर्स ट्रान्सफर झाले आणि तरी जीई जिथल्या तिथेच राहिलं. म्हणजे नेमकं काय झालं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तर माझे प्रश्न असे की एक, ही कॅल-गेटसीची यादी माझ्या लेकीला लागू आहे का, दोन, कोर्स ट्रान्सफर होतो पण जीई भागत नाही असं कसं होऊ शकतं, तीन, समरमध्ये घ्यायचेच तर कुठले घ्यावेत. आणि एक वेगळंच, माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला इकडे ट्रान्सफर घ्यायचंय, तिचे तिकडचे विषय जीईत धरतात का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

पुणेरी_डॅलस

ताई, तुमच्या नणंदेचं म्हणणं टेक्सासपुरतं शंभर टक्के खरं आहे पण ते कॅलिफोर्नियाला लावू नका. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

अभ्यासिका

मृणालताई, मी सदर्न कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजच्या काउन्सेलिंग ऑफिसात काम करते, हाच प्रश्न घेऊन रोज पालक येतात आणि त्यातले निम्मे कोर्सला नाव घालून झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारताय हे फार बरं झालं.

पहिल्यांदा यादीचं. कॅल-गेटसी ही ट्रान्सफर स्टुडंट्ससाठी आहे, म्हणजे जी मुलं आधी कम्युनिटी कॉलेजला जातात आणि मग यूसीत नाहीतर सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) येतात त्यांच्यासाठी. आधी यूसीसाठी आय-गेटसी होतं आणि सीएसयूचं स्वतःचं वेगळं होतं, मुलांचा फार गोंधळ व्हायचा, म्हणून २०२१च्या एका कायद्याने, एबी ९२८, दोन्हींचं मिळून एकच करायला लावलं आणि ते फॉल २०२५पासून लागू झालं. ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिट्स, आणि प्रत्येकात सी किंवा त्याच्या वर ग्रेड पाहिजे. हे सगळं पूर्ण करून कॉलेजकडून सर्टिफाय करून घेतलं की युनिव्हर्सिटीचं खालच्या दोन वर्षांचं जीई एका झटक्यात पूर्ण धरतात. त्या मुलाला पब्लिक स्पीकिंग आणि एथनिक स्टडीज लागणारच आहे, त्याने सांगितलं ते त्याच्यापुरतं अगदी बरोबर आहे.

पण तुमची लेक फ्रेशमन आहे. तिने हायस्कूलमध्ये कितीही कॉलेज कोर्स केलेले असोत, ती फ्रेशमन म्हणूनच आत जातेय, त्यामुळे कॅल-गेटसीचं हे एकगठ्ठा पूर्ण होणं तिला मिळत नाही. तिला डेव्हिसचं स्वतःचं जीई पूर्ण करायचंय. तिचे कोर्स वाया जात नाहीत, पण ते एकेक करून तपासले जातात, कुठला कोर्स डेव्हिसच्या कुठल्या खणात बसतो ते बघून.

आता दुसरा प्रश्न, जो सगळ्यात महत्त्वाचा आहे. क्रेडिट ट्रान्सफर होणं आणि त्याने रिक्वायरमेंट भागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्स यूसी-ट्रान्सफरेबल असला की त्याची युनिट्स मिळतात, एवढंच. ती युनिट्स जीईच्या कुठल्या चौकटीत बसतात की नुसतीच इलेक्टिव्ह म्हणून खात्यावर पडून राहतात हे त्या कँपसवर, त्या मेजरवर अवलंबून असतं. ऑफिसातल्या त्या गृहस्थांच्या मुलाचं बहुतेक हेच झालं असणार, तीन कोर्सची युनिट्स आली, पण ती एकतर मेजरने आधीच भरलेल्या खणात पडली किंवा कुठल्याच खणात नाही.

डेव्हिसचं उदाहरण घेऊन सांगते म्हणजे डोळ्यासमोर येईल. तिथे जीईचे दोन भाग आहेत. एक टॉपिकल ब्रेड्थ, ५२ क्वार्टर युनिट्स, त्यात आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज, सायन्स अँड इंजिनिअरिंग आणि सोशल सायन्सेस असे तीन गट, प्रत्येकात १२ ते २०. दुसरा कोअर लिटरसीज, ३५ युनिट्स, त्यात इंग्लिश कॉम्पोझिशन, लिहिण्याचा अनुभव, अमेरिकन कल्चर्स, वर्ल्ड कल्चर्स वगैरे. बायॉलॉजीच्या मुलीचं सायन्सचं खातं मेजरच्या कोर्सेसनीच भरून जातं. म्हणजे तिने समरमध्ये ओलोनीला न्यूट्रिशन नाहीतर अ‍ॅस्ट्रॉनॉमी घेतलं तर ते छान ट्रान्सफर होईल आणि जीईत काडीचाही फरक पडणार नाही. तिला गरज आहे ती आर्ट्स-ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्सची. सायकॉलॉजी तिने केलंय, ते सोशल सायन्सकडे जाईल.

हे तपासायचं कुठे, तर असिस्ट डॉट ऑर्ग. कॅलिफोर्नियातल्या पब्लिक कॉलेजांसाठी हीच अधिकृत जागा आहे. तिथे ओलोनी टू डेव्हिस निवडा, आधी मेजरप्रमाणे बघा, मग डिपार्टमेंटप्रमाणे. ओलोनीचा कोर्स डेव्हिसच्या नेमक्या कुठल्या कोर्सच्या समोर दाखवलाय ते बघा, आणि मग डेव्हिसच्या कॅटलॉगमध्ये त्या कोर्सला कुठले जीई कोड लावलेत ते बघा. समोर काहीच नसेल तर समजायचं की युनिट्स मिळतील पण जीईबद्दल विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

निळावंती_एसजे

अभ्यासिका यांना अनुमोदन. फक्त एक जोडते, इंग्लिशचा तो बी फार कामाचा आहे मृणाल. यूसीत शिरताना एंट्री लेव्हल रायटिंग म्हणून एक अट असते, ट्रान्सफरेबल इंग्लिश कॉम्पोझिशनला सी किंवा वर असेल तर ती सुटते. नाहीतर एपी इंग्लिशला ३ लागतात, तुम्ही लिहिलेल्या एपीत इंग्लिश दिसत नाहीये म्हणून सांगतेय. ओलोनीचा ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) डेव्हिसला गेलाय ना ते बघा. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ते कोर्स दिसतात म्हणून बरेच जण समजतात काम झालं, पण यूसीला प्रत्येक कॉलेजकडून थेट ट्रान्सक्रिप्ट लागतो.

मृणाल_फ्रीमाँट

बापरे, अभ्यासिका, एवढं मनापासून लिहिलंत, खरंच खूप आभार. संध्याकाळी लेकीला शेजारी बसवून असिस्ट उघडलं. सायकॉलॉजी समोर दिसलं. पब्लिक स्पीकिंग घेतलं तर ते डेव्हिसमध्ये कशात जाईल हे मला नीट लागलं नाही. ओलोनीच्या वेळापत्रकात इंग्लिशच्या कोर्सचा नंबर पण बदललेला दिसतोय, तिने केला तेव्हा वेगळा होता, आता सी१००० लिहिलंय. हा तोच कोर्स का?

एपीचं अजून एक. एपी यूएस हिस्टरी आहेच, तर ओलोनीला यूएस हिस्टरीच समरला घेतली तर सोपी जाईल असं ती म्हणतेय, आधी वाचलेलं आहे म्हणून.

अभ्यासिका

सी१००० तोच. एबी ११११ नावाचा कायदा आहे, त्याने राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारख्या कोर्सला सारखा नंबर द्यायचं ठरलं, आणि पहिल्या हप्त्यात फॉल २०२५ला इंग्लिशचे दोन, पब्लिक स्पीकिंग, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी आणि अमेरिकन गव्हर्नमेंट असे सहा कोर्स आले. तिचा जुना नंबर ट्रान्सक्रिप्टवर जुनाच राहील, काही बिघडत नाही.

यूएस हिस्टरी मात्र अजिबात घेऊ नका. एपी परीक्षेत ३ किंवा वर मिळाले की त्याची युनिट्स यूसी देते, आणि त्याच विषयाचा कॉलेज कोर्स पुन्हा केला तर तो डुप्लिकेट धरतात, क्रेडिट एकदाच. कॅल्क्युलस आणि बायोचंही तेच. उन्हाळ्याचे सहा आठवडे आणि फी देऊन हातात शून्य.

पब्लिक स्पीकिंग वाईट नाही, पण ते कॅल-गेटसीत आहे म्हणून घेऊ नका, डेव्हिसमध्ये त्याची जागा आहे का ते डेव्हिसच्या अ‍ॅडव्हायजरला विचारून घ्या. एथनिक स्टडीजचं मला जास्त पटतं, कारण डेव्हिसच्या अमेरिकन कल्चर्समध्ये डोमेस्टिक डायव्हर्सिटीची अट आहे आणि शिवाय सोशल सायन्स किंवा ह्युमॅनिटीजमध्येही तो बसू शकतो, म्हणजे एका कोर्सने दोन ठिकाणी काम. पण पुन्हा तेच, ओलोनीचा नेमका कुठला कोर्स डेव्हिसच्या नेमक्या कुठल्या कोर्ससमोर आहे ते बघूनच.

फीबद्दल, हायस्कूलमध्ये डुअल एनरोलमेंटला (शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स घेणं) फी माफ असते, ग्रॅज्युएट झाल्यावर ती माफी संपते. तरी कॅलिफोर्निया रेसिडेंटला सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिट्सच्या कोर्सला १३८ आणि वर किरकोळ फिया. आणि हायस्कूल संपल्यावरच्या लगेचच्या समरमध्ये कोर्स घेतले तर फ्रेशमन स्टेटस जात नाही, ती काळजी नको.

पुणेरी_डॅलस

रात्री लिहितो म्हटलं होतं, घ्या.

टेक्सासात पब्लिक युनिव्हर्सिटीजचा कोअर करिक्युलम कायद्यानेच ४२ तासांचा आहे आणि एका पब्लिक कॉलेजात तो पूर्ण केला की दुसऱ्या पब्लिक युनिव्हर्सिटीला तो अख्खा ब्लॉक म्हणून घ्यावाच लागतो, मग तुम्ही फ्रेशमन असा की ट्रान्सफर. ट्रान्सक्रिप्टवर कोअर कंप्लीट असं यावं लागतं. त्यामुळे प्लानो-फ्रिस्कोकडची आपली मुलं अकरावी-बारावीत कॉलिन कॉलेजचे ड्युअल क्रेडिट घेऊन यूटी डॅलसला जातात तेव्हा इंग्लिश, हिस्टरी, गव्हर्नमेंट सगळं मागे टाकून जातात. नंबरही राज्यभर सारखे, हिस्टरी १३०१ म्हणजे पहिला आकडा पहिल्या वर्षाचा आणि दुसरा ३ म्हणजे तीन क्रेडिट अवर्स. शिवाय सहा तास अमेरिकन हिस्टरी आणि सहा तास गव्हर्नमेंट हे तर कायद्यातच आहे, कुठल्याही मेजरला सुटका नाही.

हे सांगायचं कारण एवढंच की नणंद, मेहुणा, मंडळातल्या काकू सगळे मनापासून सांगतात आणि त्यांच्या राज्यापुरतं खरंच सांगतात, पण हा कारभार राज्याराज्यात पूर्ण वेगळा आहे आणि राज्याच्या आतसुद्धा पब्लिक आणि प्रायव्हेटमध्ये वेगळा. टेक्सासातलाच मुलगा हेच ४२ तास घेऊन राईसला किंवा एसएमयूला गेला तर हा कायदा तिथे लागू नाही, ते त्यांच्या नियमाने एकेक कोर्स बघणार.

आणि इकडच्या वाचकांसाठी, टेक्सासात २००७च्या फॉलपासून पुढे सुरू केलेल्या मुलांना अख्ख्या डिग्रीत सहाच ड्रॉप मिळतात. घेऊन तर बघू, नाही जमलं तर सोडू, असं कोर्सचं इथे चालत नाही.

दत्ता_एडिसन

न्यू जर्सीचं थोडक्यात. इथे २००८पासून राज्याचा ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट आहे, कम्युनिटी कॉलेजातून एए किंवा एएस ही दोन वर्षांची डिग्री पूर्ण केली की पब्लिक फोर-इयर कॉलेजात खालच्या दोन वर्षांचं जीई भागलं असं धरतात. एएएस डिग्रीला हे लागू नाही, नावात एकच अक्षर जास्त आहे पण फरक मोठा आहे, बरीच मुलं इथे अडकतात. सुटे कोर्स बघायला एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे, आपलं कॉलेज आणि जायचं कॉलेज टाकलं की समोरासमोर दाखवते.

श्रावणसर_८१

थोडं अवांतर होईल पण याच विषयाचं आहे म्हणून विचारतो. मुलगा डी अँझाला पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर सायन्स, बर्कली किंवा सॅन डिएगोचं मनात आहे. त्याने पहिल्या दोन क्वार्टरला जीईचेच कोर्स जास्त घेतलेत, यादी संपवायची म्हणून, मॅथ एकच झालंय. वरचं वाचून धास्ती वाटली. आणि खरं सांगायचं तर नातेवाइकांत आणि मित्रमंडळीत कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोक एक क्षण गप्प होतात, त्याचा त्याला त्रास होतो, म्हणून तो घाई करतोय असं मला वाटतं.

अभ्यासिका

श्रावणसर, तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत, अवांतर मुळीच नाही.

सीएस आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनी मेजर प्रेप (मेजरसाठी आधी लागणारे कोर्स) आधी, जीई नंतर, हे मी मुलांना ओरडून सांगते. यूसीत सीएसला ट्रान्सफर मिळताना ते बघतात कॅल्क्युलसची अख्खी मालिका झाली का, लिनिअर अल्जेब्रा, डिस्क्रीट, प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, फिजिक्स जिथे लागतं तिथे फिजिक्स. जीई पूर्ण आहे आणि मॅथ अर्धं आहे अशा मुलाचा अर्ज मागे पडतो, उलट मेजरचं पूर्ण आहे आणि जीईचे चार कोर्स राहिलेत अशा मुलाचं काही अडत नाही, ते तिकडे जाऊन करता येतात. काही ठिकाणी तर जीईची ही यादी चालतच नाही, बर्कलीचं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आय-गेटसीच्या काळापासून ती घेत नाही, त्यांची ह्युमॅनिटीजची अट वेगळी आहे. सॅन डिएगोत रेव्हेल, म्यूर, वॉरन अशी आतली कॉलेजं आहेत आणि प्रत्येकाचं जीई वेगळं, त्यामुळे कुठल्या कॉलेजला प्राधान्य द्यायचं हे अर्जाच्या वेळी नीट बघून ठरवा. बर्कलीला अमेरिकन कल्चर्सचा एक कोर्स सगळ्यांना लागतो, कम्युनिटी कॉलेजचे काही ठरावीक कोर्स त्यासाठी मान्य आहेत, डी अँझाचा कुठला ते असिस्टवर दिसेल.

दोन क्वार्टर गेले म्हणजे काही बिघडलं नाही, केलेले कोर्स कामाला येतीलच, फक्त पुढच्या क्वार्टरपासून मॅथ सोडू नका. आणि मालिका एका जागी पूर्ण करा. डी अँझा क्वार्टरवर आहे, ओलोनी, मिशन, वेस्ट व्हॅली सेमिस्टरवर, कॅल्क्युलसचे दोन भाग इकडे आणि उरलेला तिकडे केला की मधला एखादा विषय दोन्हींकडून सुटतो आणि युनिव्हर्सिटी मालिका अपुरी म्हणते. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट हा हिशोब युनिट्सचा झाला, अभ्यासक्रमाचा नव्हे.

टॅग माहीत आहे का? ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कँपस देतात, बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, एकाच कँपसला करता येतो. काही कँपस सीएस आणि इंजिनिअरिंगला टॅग देत नाहीत, त्या वर्षीचा तक्ता बघा. पण मुलाला सांगा, एका ठिकाणची पक्की जागा हातात ठेवून बर्कलीला अर्ज करता येतो.

आणि लोकांच्या त्या गप्प होण्याबद्दल. मी रोज या मुलांना बघते. डिग्रीवर युनिव्हर्सिटीचंच नाव येतं, पहिली दोन वर्षं कुठे केली ते त्यावर लिहिलेलं नसतं, आणि घरात त्यासाठी कर्ज काढावं लागलेलं नसतं. त्याला हे तुम्ही सांगा, बापाने सांगितलेलं वेगळं लागतं. घाईने कोर्स उरकायला लागला की ग्रेड पडतात आणि ट्रान्सफरला ग्रेडच बघतात.

निळावंती_एसजे

मृणाल, मेडिकलचा विचार आहे म्हणून एक फार महत्त्वाचं राहून जातंय. कम्युनिटी कॉलेजची ग्रेड यूसीच्या जीपीएत मिळवत नाहीत, फक्त युनिट्स येतात, हे खरं आहे, आणि त्यामुळे मुलं समर कोर्स सहज घेतात. पण मेडिकल स्कूलचा अर्ज ज्यातून जातो त्या एएमकॅसमध्ये कुठल्याही कॉलेजात घेतलेला प्रत्येक कोर्स लिहावा लागतो, हायस्कूलमध्ये असताना घेतलेलेसुद्धा, आणि त्यांच्या जीपीएत तो मोजला जातो. तिचा तो इंग्लिशचा बी आणि सायकॉलॉजीचा ए दोन्ही तिथे दिसणार.

म्हणून समरचे कोर्स तिला आवडतील असे आणि झेपतील एवढेच घ्या. सेमिस्टरभराचा कोर्स सहा आठवड्यांत दामटवतात, एथनिक स्टडीजला आठवड्याला दीडशे-दोनशे पानं वाचन आणि पेपर असतो, दोन कोर्स एकत्र म्हणजे फुल-टाइम नोकरीच. आणि भारतात आजी-आजोबांना भेटायला जायचं असेल तर ऑनलाइन कोर्स आहे म्हणून तिकडून करेल असं धरू नका, परीक्षा इथल्या वेळेने असतात. माझ्या मुलीने सांगलीहून पहाटे चारला उठून क्विझ दिल्यात, घरात पाहुणे, लाइट गेलेली, फोनच्या हॉटस्पॉटवर. दिल्या तिने, पण आजीबरोबर बसायचं राहिलंच.

कल्याणी_पी

भाचीबद्दल मी लिहू शकते, मी स्वतः पुण्यात इंजिनिअरिंगचं एक वर्ष करून इकडे आले.

कॅल-गेटसीसाठी भारतातल्या कॉलेजचे विषय धरत नाहीत, त्यासाठी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजचेच कोर्स लागतात. पण ते बाजूला ठेवलं तरी मूळ अडचण वेगळी आहे. आपल्याकडे पहिल्या वर्षाला काय असतं, एम-१, एम-२ (गणित), फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल. यात इतिहास नाही, साहित्य नाही, सोशल सायन्स नाही, इंग्लिशमध्ये निबंध लिहायचा कोर्स नाही. त्यामुळे मेजरच्या बाजूला तिला मॅथ-फिजिक्सचं थोडंफार क्रेडिट मिळू शकतं, जीईचा डोंगर मात्र जवळजवळ पूर्ण शिल्लक राहतो. तिकडे घरी सगळे म्हणतात एक वर्ष झालंय म्हणजे तीनच वर्षं राहिली, तसं सहसा होत नाही, आणि हे विमानात बसायच्या आधी माहीत असलेलं बरं, कारण इंटरनॅशनल स्टुडंटची फी वर्षाच्या हिशोबाने अंगावर येते आणि कम्युनिटी कॉलेजलाही तिला ४६ डॉलरचा दर लागू नाही, बाहेरच्यांचा दर त्याच्या कितीतरी पट असतो.

तिने आत्ता पुण्यात बसूनच एक काम करावं. प्रत्येक विषयाचा सिलॅबस, म्हणजे युनिटवार काय शिकवलं, किती तास लेक्चर, किती तास प्रॅक्टिकल, कुठलं पुस्तक, हे युनिव्हर्सिटीच्या साइटवरून पीडीएफ काढून ठेवायचं, आणि कॉलेजच्या ऑफिसातून त्यावर सही-शिक्का घ्यायचा. मार्कशीटवर नुसतं एम-१ लिहिलेलं असतं, त्यावरून इकडच्या मॅथ डिपार्टमेंटला काहीच कळत नाही. पॅटर्न बदलला की जुना सिलॅबस साइटवरून गायब होतो आणि मग इथून ईमेल करून मागवणं म्हणजे फार त्रास. मला एम-१ आणि एम-२ मिळून कॅल्क्युलसचं क्रेडिट मिळालं ते त्या सिलॅबसच्या कागदांमुळे, डिपार्टमेंटच्या माणसाने माझ्यासमोर एकेक टॉपिक टिक करत बघितला होता. ग्राफिक्सचं काहीच मिळालं नाही. इव्हॅल्युएशन (परदेशी मार्कशीटचं इकडच्या हिशोबाने मूल्यमापन) काही युनिव्हर्सिटी डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मागतात, काही स्वतः करतात, तेव्हा जिथे अर्ज करणार तिथलं वाचूनच पैसे भरा, आणि मागितलं तर कोर्स-बाय-कोर्सच घ्यायचं, नुसतं डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट याला उपयोगी नाही.

मृणाल_फ्रीमाँट

सगळ्यांचे किती आभार मानू. भाचीला कल्याणीचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला, ती उद्याच ऑफिसात जाणारे.

लेकीशी बोलले, ती एकच कोर्स घेते म्हणाली, एथनिक स्टडीज, आणि जुलैचे शेवटचे दोन आठवडे मोकळी राहणार. डेव्हिसच्या अ‍ॅडव्हायजरला ईमेल करायचीय, काय विचारावं नेमकं? मागे एकदा दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं होतं तर उत्तर आलं, हा कोर्स ट्रान्सफरेबल आहे, बस एवढंच.

अभ्यासिका

ट्रान्सफरेबल आहे का असं विचारलं की उत्तर तेवढंच येतं. प्रश्न असा करायचा: मी अमुक मेजरची फ्रेशमन, ओलोनीचा अमुक नंबरचा कोर्स या समरमध्ये घेणार आहे, असिस्टवर तो डेव्हिसच्या अमुक कोर्ससमोर दिसतो, तर माझ्या डिग्रीत तो टॉपिकल ब्रेड्थच्या कुठल्या गटात आणि कोअर लिटरसीच्या कुठल्या अटीत मोजला जाईल. ओलोनीचं कोर्स आउटलाइन जोडा. ईमेल लेकीने लिहायची, तिच्या डेव्हिसच्या अकाउंटवरून, पालकांना ते तिची माहिती देत नाहीत. आलेलं उत्तर जपून ठेवायला सांगा तिला, अ‍ॅडव्हायजर बदलतात.

३ सेमिस्टर युनिट्सची तिथे साडेचार क्वार्टर युनिट्स होतात, तेव्हा गटाची बेरीज करताना तो आकडा धरा. पुढच्या समर्सनाही ती असे कोर्स घेऊ शकते, फक्त शेवटच्या वर्षात सांभाळून, कारण डिग्रीच्या शेवटच्या ४५ युनिट्सपैकी ३५ डेव्हिसमध्येच करावी लागतात. आणि वरच्या वर्षाचं जे रायटिंग डेव्हिसला लागतं ते कम्युनिटी कॉलेजातून होत नाही, तिथले सगळे कोर्स खालच्याच लेव्हलचे धरतात, त्याची वाट बघत बसू नका.

कोर्स संपला की ग्रेड लागल्याची खात्री करून मगच ट्रान्सक्रिप्ट मागवा. फार लवकर मागवला तर इन-प्रोग्रेस लिहिलेला जातो आणि दुसऱ्यांदा पाठवायचं राहून जातं.